गुलाबी कागदातली पुडी

बाबांची फटफटी हिवाळ्यात पहिल्या किकेला कधीच सुरू झाली नाही. रात्री तिच्यावर पोतं टाकून ठेवलं तरी सकाळी ती गारठून बसायची, आणि मग तिचा प्लग काढून चुलीच्या निखाऱ्यावर शेकावा लागे. हे काम आईचं होतं. तव्यावर भाकर, खाली चिमट्यात धरलेला प्लग, आणि दारात उभे राहून "झाला का व?" विचारणारे बाबा. "घ्या, आली माह्या सवतीले ऊब," असं म्हणत आई तो प्लग फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात द्यायची. फटफटीला ती कायम सवतच म्हणायची. बदली होऊन गेलेल्या एका गुरांच्या डॉक्टरकडून बाबांनी ती जुनी गाडी घेतली होती, आणि ते आईपेक्षा तिला जास्त पुसत असत, ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. आई काविळीने गेली आणि प्लग शेकायचं काम माझ्याकडे आलं. मी शेकायची, पण बोलायची काही नाही. बाबाही मुकाट्याने घेऊन जायचे.

दारव्ह्यापासून आत, काळ्या जमिनीतलं आमचं गाव. घरात आम्ही दोघंच. हिवाळ्यात अंगणात कापसाचा ढीग, ओसरीवर तुरीच्या शेंगांची टोपली, आणि घरभर जवसाच्या चटणीचा वास. सोल्याची भाजी, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, मी आईसारखी करायला पाहायची आणि ती दर वेळी पातळ व्हायची. बाबा तीत भाकर कुस्करून निमूट खायचे. कौतुक नाही की तक्रार नाही. घरात दोन माणसं असून आवाज मात्र भांड्यांचाच. बारावी होऊन मी घरी बसले होते. मला यवतमाळला जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात एका नर्सबाईने तिचे केस विंचरून दिले होते, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाबांना मी एकदा सांगितलं, तर "पाहू" म्हणाले. आमच्याकडे "पाहू" म्हणजे बहुधा नाहीच.

गावातच दिलेली माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, एका संध्याकाळी आली आणि न सांगताच माझी वेणी सोडून तेल लावायला बसली. आत्याचा हात जड. डोकं चोळायची की कणीक मळायची, कळत नसे.

"उद्या तुह्या बाबासंग जाजो. सकायीच निंगा लागते," ती म्हणाली.

"कुठं?"

"जाशील तं कळंल. आईची ते जांभळी साडी नेस. अन् तिथं तोंड सांभाळजो, माय. लोकं विचारतीन तेवढंच बोलजो."

मला जे कळायचं ते कळलं. जांभळी साडी, डोक्याला तेल, तोंड सांभाळ. मला दाखवायला नेत होते. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलाकडचे मुलीच्या घरी येतात. पोहे होतात, मुलगी पाटावर बसते, पाहुणे नाव-गाव विचारतात. मुलीला गाडीवर बसवून मुलाच्या दारात नेत नाहीत. पण माझ्या घरी पोहे करायला आई नव्हती, आणि स्वतःच्या पाहुण्यांचे पोहे मीच करायचे म्हणजे शोभलं नसतं. म्हणून बाबांनी हा मार्ग काढला असणार, असा हिशोब मी मांडला. बैलबाजारात गोऱ्हा नेतात तसं मला परगावी नेणार. रात्रभर मी उशी चावत पडले. नर्सिंगचं नाव काढायच्या आत लग्नाचं ठरणार, या विचाराने मला धाप लागली होती. पहाटे एक गोष्ट मात्र पक्की झाली. मी लंगडायचं. लंगड्या मुलीला कोण पसंत करणार?

सकाळी प्लग शेकून दिला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, डोक्यावर नवी टोपी. मी आईची साडी, वरून तिचा मरून स्वेटर, कानाला रुमाल. गाडी सुरू झाली तशी गल्लीतली कुत्री मागे लागली. दिग्रसचा रस्ता धुक्यात बुडालेला. दोन्ही बाजूंना दुसऱ्या वेचणीचा कापूस, बांधावर शेकोट्या, आणि डोक्याला ओटीचं फडकं गुंडाळून वेचायला निघालेल्या बाया. वारा साडीतून सरळ हाडाला लागत होता. मी बाबांच्या पाठीआड तोंड लपवलं. त्यांच्या सदऱ्याला कापराचा वास होता. एरवी कापराचा वास फक्त लग्नाकार्याच्या कपड्यांना येतो. माझी खात्री आणखी पक्की झाली.

दिग्रसला बाबांनी चहा पाजला आणि मग एका अरुंद बोळात गाडी उभी केली. तिथे म्हातारा सोनार बसला होता. बाबांना पाहताच त्याने गल्ल्यामागून गुलाबी कागदाची एक लहानशी पुडी काढली. बाबांनी ती उघडली नाही, सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. सोनाराने चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. इतकं पुढे गेलं? दागिनाही झाला? मला न विचारता? बाबांच्या पाठीवर दोन्ही हातांनी गुद्दे मारावेत असं वाटत होतं. मी गाडीच्या मागच्या कडीला धरून बसले, त्यांना हात लावला नाही.

दिग्रस सोडलं की डोंगर सुरू होतात. आता तिथे गुळगुळीत रस्ता आहे. माझा नातू त्याच रस्त्याने मोटारीत झोपून जातो आणि पुसद आल्यावर डोळे चोळतो. तेव्हा घाट म्हणजे खड्डे आणि मधेमधे डांबर. सागाची पानं वाळून तांबडी झालेली, कुठे नुसतेच खराटे. वळणावर माकडं शेपट्या सोडून बसलेली. चढावर फटफटी इतकी तापली की शेवटी बंदच पडली. बाबांनी ती ढकलत सावलीला नेली. "थंडी होऊ दे तिले," म्हणाले आणि बाजूच्या शेतवाल्याला हाक मारून तुरीच्या शेंगा तोडून आणायला उतरले. मी संधी साधली. रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लंगडून पाहिलं. साडीत लंगडणं दिसतं तितकं सोपं नाही. बाबा ओंजळभर शेंगा घेऊन वर आले तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात होते.

"काय झालं व पायाले?"

"मुरगळला."

"बसल्या बसल्या?"

त्यांनी शेंगा माझ्या पदरात टाकल्या. आम्ही दोघं दगडावर बसून कोवळे दाणे खात राहिलो. पुष्कळ वेळ. दरीत कुठेतरी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा कोंबडा आरवत होता. बाबा मधेच तोंड उघडायचे आणि पुन्हा शेंग सोलायला घ्यायचे. आज मला वाटतं, त्या दगडावर त्यांना सांगायचं होतं. जमलं नाही. मुलीपुढे अशी गोष्ट काढायला लागणारी भाषा आमच्या घरात नव्हतीच.

पुसदच्या पुढे, महागावच्या वाटेला, टेकडीच्या पोटाशी ते गाव होतं. शेणाने सारवलेलं अंगण, दाराशी रांगोळी. दादाराव म्हणून घरधनी होते, पन्नाशीचे, भारदस्त मिशांचे. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. मी गाडीवरून उतरले ती लंगडतच. ओसरीपर्यंत अशी काही लंगडले की दादारावांची बायको "अगं माय, पोरीचा पाय!" म्हणून धावत आली आणि मला धरून आत नेलं. सतरंजी घातली होती. मी मुलाचा शोध घेतला. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ, दारात दोन शेजारी. तरुण म्हणावा असा एकही माणूस नव्हता. आता या म्हाताऱ्याशी की काय, असंही क्षणभर मनात येऊन गेलं, आणि मला खरोखरच फिट येईल असं वाटलं.

मला पाटावर बसवतील म्हणून मी वाट पाहत होते. पण दादारावांच्या बायकोने मला बाबांच्या शेजारी, सतरंजीवर बसवलं. पाट समोर रिकामाच होता. मग आतलं दार वाजलं आणि हातात पोह्यांचं ताट घेऊन एक बाई बाहेर आली. पस्तिशीची असेल. उंच, रापलेली, हातात काचेची एकही बांगडी नाही. कपाळ कोरं. तिने पहिली बशी माझ्यापुढे ठेवली, दुसरी बाबांपुढे, आणि जाऊन पाटावर बसली. मान खाली.

"माही बहीण," दादाराव म्हणाले. "सुभद्रा. हिचा मालक जाऊन लय दिवस झाले. लेकरू नाही. आता विचार पोरी, तुले काय विचारायचं ते. तुह्या बाबानं अगुदरच सांगून ठेवलं हाय, पोरीनं पसंत केल्याबिगर म्या काही करत नाही."

पाहायला येतो तो नवरदेव. पाटावर बसते ती नवरी. ही रीत मला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होती. मी रात्रभर ती रीत माझ्यापुरती वाकवून घेतली होती. ती कुठेच वाकली नव्हती. नवरदेव माझ्या शेजारी बसला होता, कापराच्या वासाचा सदरा घालून, पोह्यांना हात न लावता. मला काही ऐकू येईना. कानात नुसता गाडीचा आवाज. घास हातात होता तो बशीत पडला. अठराव्या वर्षी माणसाला वाटतं, बाप म्हणजे बाप, तो आणखी कोणाचा काही होऊ शकतो हे डोक्यातच येत नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठले आणि तशीच तरातरा मागच्या दाराने परसात गेले. लंगडायचं मी विसरले होते, हे मला चार पावलांनी आठवलं आणि मी पुन्हा सुरू केलं.

परसात न्हाणीच्या चुलीवर पाणी तापत होतं. मी तिथे भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने ती बाई आली, सुभद्रा. तिने मला हात लावला नाही की बाळ म्हटलं नाही. चुलीत एक लाकूड सारलं.

"कोणता पाय हाय?" तिने विचारलं.

मी डाव्या पायाकडे बोट दाखवलं.

"येतानी उजवा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ती रागावलेलीही दिसेना.

"तुले वाटलं का तुलेच दाखवाले आणलं?" ती म्हणाली. मी मान हलवली. "मलेही असंच फसवून बसवलं होतं, पहिल्या येळेस. यंदा मात्र विचारलं मले. म्याही म्हटलं, त्याच्या पोरीले विचारा अगुदर. तू नाही म्हटलं तरी चालंल. राग नाही माह्या मनात. इथं मले खायाप्यायाची तकलीफ नाही. फक्त ह्या घरी म्या कोणाचीच नाही, तेवढंच."

एवढं बोलून ती आत गेली. मग बाबा आले. टोपी हातात. त्यांच्या टकलावर ऊन पडलं होतं आणि ते एकाएकी मला फार म्हातारे दिसले.

"काहून नाही सांगितलं?" मी ओरडले. घरभर ऐकू गेलं असणार.

"सांगितलं असतं तं तू आली नसती."

"माझ्यासाठी करताय म्हणून सांगू नका. मला नको आई."

"तुह्यासाठी नाही," बाबा म्हणाले. "आत्या म्हणे तसंच सांगा, पोरीसाठी करून राह्यलो म्हणून. पण ते खोटं होईन. माह्यासाठी करून राह्यलो. तू उद्या यवतमायले जाशील, शिकशील, तुले अडवत नाही म्या. पण घर खाते मले, पोरी. भाकर गिळवत नाही."

मला यवतमाळचं ऐकू आलं, पण आनंद करायला जागाच नव्हती. बापाच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आईच्या तिरडीपुढेही त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मला राग करायचा होता आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी आतल्या खिशातून गुलाबी पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"आता तुह्या हातात हाय. द्यायची तं तिले दे. नाही तं माह्या खिशात टाक, निंगू आपून."

आमच्याकडे तेव्हा रीत होती. पहिली बायको मेल्यावर दुसरी केली, की पहिलीची चांदीची छोटी पुतळी दुसरीने गळ्यात घालायची. सवतीची पुतळी म्हणत. रोज आंघोळ झाली की आधी पुतळीला हळद-कुंकू, मग स्वतःच्या कपाळाला. मेलेली रुसू नये, संसारात आड येऊ नये, ही त्यामागची भीती. मी जन्मभर दवाखान्यात मेलेल्या बायकांचे डोळे मिटले. त्यांतली एकही कोणाच्या आड आलेली मला ठाऊक नाही. आज कोणी मला ही रीत सांगितली तर मीच भांडेन. पण त्या दिवशी परसात मी कागद एकेक घडी जपून उलगडला, कारण आत माझी आई होती.

आईचा फोटो आमच्याकडे नव्हता. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून पुसट होत चालला होता आणि ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पुतळी नखाएवढी. चेहरा म्हणजे नुसते दोन ठिपके आणि एक रेघ, सगळ्याच पुतळ्यांचा असतो तसा. पण तिची कंबर एका बाजूला झुकलेली होती, आणि कडेवर मूल होतं. मी आत्याकडे, शेजारणींकडे अशा पुतळ्या पाहिल्या होत्या. त्या सरळ उभ्या, एकट्या बाया असतात.

"हे काय?" मी विचारलं.

"तू."

मी पुतळी उजेडात धरली.

"सोनार म्हणे असं आजवर कोणी करून मागतलं नाही. म्या म्हटलं, माह्या डोयापुढं ते तशीच येते. पोरीबिगर आठवतच नाही मले." मग टोपी घालत म्हणाले, "येडेपणा असंल."

मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. रडले, हे आठवतं. न्हाणीचं पाणी उकळून सांडलं आणि चूल विझली. मग मी आत गेले, दोन्ही पायांवर, आणि पाटावर बसलेल्या त्या बाईच्या पुढ्यात पुडी ठेवली.

विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा तो अंधारात, गुपचूप, असा लोकांचा शिरस्ता. बाबांनी दिवसाउजेडी लावायचा म्हणून दादारावांना कबूल करवून घेतलं होतं. त्याच दुपारी पाट लागला. वाजंत्री नाही, मांडव नाही. हिरव्या बांगड्या भरल्या, नवं लुगडं नेसवलं, गूळ वाटला. काळ्या दोऱ्यात ओवलेली पुतळी तिने हातावर घेतली. आईच्या कपाळाला तिने करंगळीने कुंकू लावलं. मग नीट जवळ धरून पाहिलं, कुंकवात काडी बुडवली आणि कडेवरच्या मुलाच्या कपाळालाही टिकली लावली. कोणी सांगितलं नव्हतं. मग स्वतःची पाळी आली तेव्हा तिचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. इतक्या वर्षांत त्या बोटाला ती सवय राहिली नव्हती. सगळे वाट पाहत होते. दादारावांची बायको विधवा नव्हती, तिने पुढे व्हायला हवं होतं, पण तीही रडत होती. मग मीच करंडा घेतला आणि लावलं. वाकडं लागलं. ते तिने पुसलं नाही.

उन्हं कलायच्या आत आम्ही निघालो. तिघं एका गाडीवर. बाबा पुढे, मधे मी, मागे ती, पाठीशी कपड्यांचं गाठोडं. घाटात थंडी पुन्हा उतरत होती. सागाची पानं गाडीच्या वाऱ्याने रस्त्यावर उडत होती, शेकोट्यांचा धूर दरीत पसरला होता. सकाळी याच रस्त्याने मी नवरी म्हणून गेले होते आणि आता बापाची वरात घेऊन परतत होते. हसू आलं असतं, पण ते फार पुढे, यवतमाळच्या होस्टेलवर मैत्रिणींना सांगताना आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चुलीत प्लग पाहून "हे काय शिजून राह्यलं?" म्हणून विचारलं आणि बाबा हसले, तेही पुढचं. त्या घाटात मात्र माझ्या मनात एकच होतं, की घरी गेल्यावर हिला हाक काय मारायची.

प्रत्येक खड्ड्यात गाडी उसळायची आणि ती पुढे माझ्यावर आदळायची. तिच्या गळ्यातली पुतळी स्वेटरमधून माझ्या पाठीत रुतत होती. दोन खांद्यांच्या मधोमध, पुन्हा पुन्हा त्याच जागी. मी जरा पुढे सरकले. तिला ते कळलं.

"टोचून राह्यली का व?" तिने कानाशी विचारलं. "मांगं फिरवून घेऊ का, माह्या पाठीवर?"

मी मागे सरकून नीट बसले.

"नको मावशी," मी म्हटलं. "राहू दे तिथंच."